आय-७ घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडा

वाचकाचं पत्र: नमस्कार. मी कराडला घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. २०१२ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेलचा आय-३ २१०० प्रोसेसर, एच६१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटं घेतो. कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एकत्र उघडले की हँग. मुलगा बारावी होऊन सुट्टीत घरी आहे. त्याला ओळखीतल्या एका माणसाकडून सेकंडहँड आय-७ ३७७० मिळतोय आणि तो म्हणतो, मी घरीच बदलतो. त्याला थोडं व्हिडिओ एडिटिंगही करायचंय. दुकानदार म्हणतात, भंगारात काढा, नवीन घ्या. आमचे हे म्हणतात, उघडलात तर चालतोय तेवढाही बंद पडेल. कुणाचं ऐकू?

ताई, नमस्कार.

मुलाला प्रोसेसर घरी बदलता येईल. एक चांगला स्क्रूड्रायव्हर, थोडी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या कूलरकडे नेणारी) आणि घाई नसलेली एक दुपार मिळाली की बारावी झालेल्या मुलाच्या हाताला हे काम नक्की जमतं. पण डेस्कटॉप सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात, हे दुखणं प्रोसेसरचं नाही. आय-७ बसवूनही तो जवळपास तेवढाच वेळ घेईल. मग मुलगा हिरमुसेल आणि घरात ‘मी सांगितलं होतं’ ऐकावं लागेल. म्हणून आधी काय अडतंय ते बघू, पैशाचं नंतर.

उद्या सकाळी मशीन सुरू केलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क असे तीन आलेख दिसतात. आता रोजचं काम सुरू करा. कोरलमध्ये एखादी जड फाइल उघडा, बाजूला ब्राउझर उघडा, आणि जिथे मशीन अडतं नेमक्या त्या क्षणी तिन्ही आकडे कागदावर लिहा. दोन-तीन दिवस हे करा. माझा अंदाज असा, की डिस्क १०० टक्क्यांवर, मेमरी ९० च्या वर आणि सीपीयू मात्र ३०-४० च्या आसपास रेंगाळलेला दिसेल. म्हणजे प्रोसेसर हात बांधून बसलाय आणि बाकीचे त्याला काम पुरवू शकत नाहीत.

असं का होतं ते सांगते, कारण ते कळलं की पुढचे निर्णय सोपे होतात. घरगुती डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कमधली तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते. एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यात वाचणारी सुई योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी तेवढाच वेळ. त्यामुळे इकडे-तिकडे विखुरलेले बारीक तुकडे वाचायचे असतील तर अशी डिस्क सेकंदाला शंभरच्या आसपास तुकडे वाचते, फार पुढे जात नाही. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे तीच मागणी ती सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने पुरवते. तुमची डिस्क जुनी आहे, त्यामुळे ती थकत चालली असण्याचीही शक्यता आहे. नवीन काही बसवण्याआधी त्यातल्या सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. हे काम मात्र आजच करा, प्रोसेसर बदला वा न बदला.

तुमच्या बोर्डाबद्दल एक गैरसमज दुकानांत ऐकू येतो, की एच६१ वर एसएसडी लावून उपयोग नाही, कारण त्याचं साटा (डिस्क जोडायचं पोर्ट) जुनं, ३ गिगाबिटचं आहे. पोर्ट जुनं आहे हे खरं. मोठी फाइल सलग कॉपी करताना एसएसडीचा निम्मा वेग वाया जाईल, हेही खरं. पण तुमचं मशीन अडतं ते बारीक तुकड्यांसाठी, आणि तिथे या मर्यादेने काही बिघडत नाही. एसएसडी लावल्यावर विंडोज मिनिटाच्या आत सुरू झालं तर आश्चर्य मानू नका.

रॅमचं दुखणं याच्याशीच जोडलेलं आहे. ४ जीबीत विंडोज १०, कोरल आणि चार टॅब उघडलेला ब्राउझर एकत्र मावत नाहीत. मावलं नाही की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्या डिस्कवर आणखी ओझं. तुम्ही ज्याला हँग होणं म्हणता ते बहुतेक वेळा हेच असतं. एच६१ च्या बोर्डांवर रॅमच्या सहसा दोनच जागा असतात आणि जास्तीत जास्त १६ जीबी चालते. तुम्हाला ४-४ च्या दोन डीडीआर३ पट्ट्या पुरेत. आधीची ४ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच आणखी एक घ्या. दोन पट्ट्या असल्या की रॅमचे दोन्ही मार्ग वापरले जातात, आणि प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणाऱ्या मशीनला त्याचाही थोडा फायदा होतो.

आता पैशाचा एक हिशेब, जो दुकानदार सहसा सांगत नाहीत. एसएसडीवर केलेला खर्च पुढच्या मशीनमध्ये सोबत येतो. उद्या हा डेस्कटॉप बदललात तरी ती काढून नव्यात लावता येते. डीडीआर३ रॅम आणि ११५५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) प्रोसेसर मात्र याच मशीनबरोबर संपतात. पुढच्या मशीनमध्ये डीडीआर४ किंवा डीडीआर५ असेल आणि सॉकेट वेगळं. म्हणून क्रम असा लावा: आधी एसएसडी, मग रॅम. मग महिनाभर काम करून पुन्हा टास्क मॅनेजर बघा. त्यानंतरही सीपीयूचा आकडा ९०-१०० ला टेकत असेल, तर प्रोसेसर घ्या आणि खुशाल घ्या.

दुसऱ्यांदा बघताना एक बारकावा लक्षात असू द्या. सीपीयूच्या आलेखावर उजवं बटण दाबून तो लॉजिकल प्रोसेसरप्रमाणे दाखवायला सांगा. तुमच्या २१०० मध्ये दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि चार थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत, म्हणून चार चौकोन दिसतील. एकच चौकोन भरलेला आणि बाकीचे तीन मोकळे असतील तर एकूण आकडा २५ टक्केच दिसेल, तरी काम मात्र अडलेलं असेल. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली कितीतरी कामं अशीच एका थ्रेडवर चालतात. तिथे चारऐवजी आठ थ्रेड आल्याने फरक पडत नाही, एका कोअरचा वेग मोजला जातो. २१०० हा ३.१ गिगाहर्ट्झवर चालतो, त्याला टर्बो (गरजेला वेग आपोआप वाढण्याची सोय) नाही. आय-७ २६०० टर्बोत ३.८ पर्यंत जातो. म्हणजे अशा कामात वीसेक टक्क्यांचा फायदा. व्हिडिओ एक्सपोर्ट करताना (एडिट केलेल्याची तयार फाइल बनवताना) मात्र सगळे चौकोन भरतात, आणि तिथे दोनाचे चार कोअर झाल्यावर वेळ निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. तेव्हा खरं सांगायचं तर प्रोसेसर तुमच्यापेक्षा मुलाच्या उपयोगाचा आहे. ते वाईट नाही. फक्त खर्च कशासाठी होतोय ते घरात सगळ्यांना माहीत असावं.

खर्च करण्याआधी विंडोजचं बघू. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने घातलेल्या अटींत इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. २१०० दुसऱ्या पिढीचा, ३७७० तिसऱ्या पिढीचा. म्हणजे आय-७ बसवूनही हे मशीन त्या अटींत बसत नाही. अटी टाळून ११ चढवण्याच्या युक्त्या आहेत, पण ज्या मशीनवर ग्राहकांचं काम असतं तिथे मी त्या वापरणार नाही. तुमच्या कामाला कोरल आणि श्रीलिपीसारखं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर लागत असल्यामुळे लिनक्सवर जाणंही सोयीचं नाही. यातून मार्ग असा, की हा डेस्कटॉप फक्त डिझाइन आणि एडिटिंगला ठेवा आणि बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. पेन ड्राइव्हने येणाऱ्या ग्राहकांच्या फाइली आधी तपासून घ्या. आणि या मशीनकडून आणखी दोन-तीन वर्षांचीच अपेक्षा ठेवा. प्रोसेसर, कूलर आणि रॅम मिळून होणारा खर्च आठव्या पिढीच्या आय-५ वाल्या, कंपन्यांमधून निघालेल्या रिफर्बिश्ड (तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेल्या) डेस्कटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर मी तोच डेस्कटॉप घेईन.

हिशेब जमतोय असं धरून आता प्रोसेसर कोणता ते. तुमच्या बोर्डावर एलजीए ११५५ सॉकेट आहे. त्यात इंटेलच्या दोनच पिढ्या बसतात: जानेवारी २०११ मध्ये आलेली दुसरी, सँडी ब्रिज, आणि एप्रिल २०१२ मध्ये आलेली तिसरी, आयव्ही ब्रिज. चौथ्या पिढीचं सॉकेट ११५० आहे, ते यात बसणारच नाही. मुलगा म्हणतोय तो ३७७० तिसऱ्या पिढीचा. एच६१ बोर्ड आले तेव्हा तिसरी पिढी बाजारात नव्हती, म्हणून जुन्या बायोसवर (बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम) तो ओळखला जात नाही. पडदा काळाच राहतो, आणि लोकांना वाटतं प्रोसेसर खराब निघाला. तुमचं मशीन २०१२ चं आहे, त्यामुळे बायोस आधीच नवीन असू शकेल. सीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या मेनबोर्डच्या पानावर बोर्डाचं नाव, बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते. ते नाव घेऊन बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी उघडा. ३७७० समोर कोणती बायोस आवृत्ती हवी ते तिथे छापलेलं असतं. बोर्डाच्या कोपऱ्यात रिव्हिजन १.०, २.० असा आकडाही असतो. यादी बघताना तोही जुळवा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळे बायोस लागतात.

बायोस अपडेट करायचाच असेल तर जुना २१०० बसलेला असतानाच करायचा. उलट क्रमाने होत नाही. आणि मशीन यूपीएसवर असल्याशिवाय त्याला हातही लावू नका. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड जवळपास मेला, दुकानात प्रोग्रॅमर लावून चिप पुन्हा लिहून घ्यावी लागते. आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर शेजाऱ्यांकडून चांगला यूपीएस एका दुपारीपुरता मागून आणा.

या सगळ्या कारणांनी माझी पसंती तुमच्यासाठी आय-७ २६०० ला आहे, आणि बजेट आखडतं असेल तर आय-५ २४०० ला. दोन्ही तुमच्या २१०० च्याच पिढीचे असल्यामुळे बायोसचा प्रश्न सहसा येत नाही. २६०० आणि ३७७० यांच्यातला वेगाचा फरक दहा टक्क्यांच्या आतला आहे, हाताला जाणवणार नाही. ३७७० चं एक चांगलं आहे, तो ७७ वॅटचा आहे आणि २६०० हा ९५ चा, म्हणजे तो वीज कमी खातो. तुमच्या बोर्डाच्या यादीत ३७७० असेल, बायोस आधीच नवीन असेल, आणि ओळखीतला ३७७० किमतीला बरा असेल, तर तोही घ्या. नावाच्या शेवटी ‘के’ असलेल्याला जास्त पैसे देऊ नका. तो वेग वाढवण्यासाठी असतो, आणि एच६१ ती मुभा देत नाही.

स्वस्तात इंटेलचाच, सर्व्हरसाठीचा झिऑन ई३-१२३० दाखवला जाईल, तेव्हा सावध राहा. प्रोसेसर उत्तम आहे, पण त्यात ग्राफिक्स नाही. तुमच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच येणार नाही. आय-५ २३८०पी, ३३५०पी अशा ‘पी’ लावलेल्यांचंही तेच.

हे प्रोसेसर आता नवीन बनत नाहीत, जे मिळेल ते वापरलेलं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, पुण्यात बुधवार पेठेच्या आसपास आणि ऑनलाइनही ते मिळतात. वापरलेला प्रोसेसर घ्यायला मन कचरू देऊ नका. मशीनमध्ये आधी थकतात ते एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), बोर्डावरचे कॅपॅसिटर, पंखे आणि डिस्क. प्रोसेसर सहसा त्या सगळ्यांना पुरून उरतो. फक्त हातात घेतल्यावर झाकणावरचं कोरलेलं नाव वाचा. २६०० वर एसआर००बी आणि ३७७० वर एसआर०पीके हे सांकेतिक अक्षर-आकडे असतात. नावाच्या जागी ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ लिहिलेलं असेल तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना, परत द्या. उलटा करून खालची सोनेरी टिंबं बघा, कुठे काळपट जळालेलं नको. मधल्या भागातले तांदळाच्या कणीएवढे बारीक पुर्जे जागच्या जागी हवेत, एखादा उडालेला नको. आणि निदान आठवडाभराची बदलून देण्याची हमी तोंडी न घेता बिलावर लिहून घ्या.

बसवण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडून बोर्डावर टॉर्चचा उजेड टाका. सॉकेटच्या बाजूला उभे गोल कॅपॅसिटर दिसतील. त्यांचा माथा सपाट हवा. एखादा फुगलेला किंवा तपकिरी चिकट पाझरलेला दिसला, तर बेत रद्द करा आणि फक्त एसएसडीपुरता खर्च करा. दुसरं, एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असलं तरी तो तेवढं देईलच यावर विसंबू नका. २१०० च्या ६५ वरून २६०० च्या ९५ वॅटवर जाताना जुना, गुणगुणणारा एसएमपीएस अचानक मशीन बंद पाडू शकतो. तो बदलायची वेळ आली तर नामांकित कंपनीचा घ्या. तोही पुढच्या मशीनमध्ये सोबत नेता येण्याची बरीच शक्यता असते.

तिसरा, कूलर, म्हणजे प्रोसेसरवरचा थंड ठेवणारा पंखा. २१०० बरोबर आलेला ६५ वॅटसाठीचा छोटा ॲल्युमिनियमचा कूलर २६०० ला पुरणार नाही, एप्रिल-मेमधल्या कराडात तर नाहीच. ९५ वॅट झेपणारा, शक्यतो मधे तांब्याचा गाभा असलेला घ्या. ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० या सॉकेटांची भोकं एकाच मापाची असतात, त्यामुळे पर्याय भरपूर मिळतील. ७७५ चा मात्र बसत नाही.

आता प्रत्यक्ष काम. हा भाग मुलाला वाचायला द्या.

मशीन बंद करण्याआधी बायोसमध्ये जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढ. विशेषतः साटा मोड काय आहे ते, आयडीई की एएचसीआय (बोर्डाच्या डिस्कशी बोलण्याच्या या दोन पद्धती). बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी काढल्यावर किंवा प्रोसेसर बदलल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जाऊ शकतो. तिथे साटा मोड बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं आणि सगळे प्रोसेसरला दोष देत बसतात. मोड होता तसा केला की विंडोज मुकाट सुरू होतं.

मग मशीन दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालू ठेव, म्हणजे सुकलेली पेस्ट थोडी मऊ होईल. बंद करून भिंतीतला खटका बंद कर, मागची वायर काढ आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेव. सतरंजी किंवा पलंग नको. आतल्या वायरींचाही फोटो काढ. प्रोसेसर हातात घेण्याआधी दर वेळी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लाव. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत, आणि अंगात स्वेटर असताना, ती नक्की साठते.

आधी पंख्याची वायर बोर्डातून काढ. कूलरचे चार पाय प्लॅस्टिकचे आहेत. प्रत्येकाच्या माथ्यावर बाण दिसेल. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरव आणि वर ओढ. चारही सुटले की कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे पिळून पेस्टपासून सोडव, सरळ वर खेचू नकोस. जुनी पेस्ट सुती कापडाने पूस. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं, त्याचे थेंब कापडावर घे, बोर्डावर ओतू नकोस.

सॉकेटच्या बाजूची दांडी खाली दाबून बाहेर सरकव आणि उचल. धातूची चौकट वर येईल. जुना प्रोसेसर दोन्ही कडांना धरून सरळ वर काढ आणि लगेच नव्याच्या डबीत ठेव. आता समोर सॉकेटचे एक हजाराहून जास्त सोनेरी काटे उघडे आहेत. सगळ्या कामातली नाजूक जागा ही एवढीच. त्यावर बोट नको, कापड नको, तोंडाने फुंकर नको, वर स्क्रूड्रायव्हर धरणं नको. वाकलेला काटा सरळ करणं भिंगाखाली, सुईच्या टोकाने करायचं काम आहे, आणि ते दर वेळी साधत नाही.

नव्या प्रोसेसरच्या कडेला दोन खाचा आहेत आणि एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण. सॉकेटमध्ये त्याला जुळणारे दोन उंचवटे आहेत. जुळवून सरळ खाली ठेव. तो स्वतःच्या वजनाने बसतो, दाबायचं काहीच नाही. डगमगत असेल तर उचलून पुन्हा ठेव. मग चौकट लाव आणि दांडी खाली घे. दांडीला जोर लागतो आणि बारीक करकर आवाज येतो. त्याने घाबरू नकोस, तो येतोच.

मधोमध हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा लहान पेस्टचा ठिपका पुरे. बोटाने पसरवू नकोस, कूलर दाबल्यावर तो आपोआप पसरतो. कूलरवर आधीच पेस्ट लावलेली असेल तर वेगळी नको. चारही पायांचे माथे पुन्हा मूळ दिशेला फिरव आणि समोरासमोरचे कोपरे जोडीने दाब. प्रत्येकाचा ‘टिक’ आवाज यायला हवा. लोक चुकतात ते बहुधा इथेच. तीन पाय बसतात, चौथा अर्धवट राहतो, आणि मशीन पाच मिनिटांत तापून बंद होतं. कूलर हलकेच हलवून बघ. जागचा हलता कामा नये. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लाव. बोर्डावरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी जुनी असेल तर आत्ताच बदलून टाक. मशीनचं घड्याळ मागे पडत असेल तर तिचे दिवस भरलेच आहेत.

पहिल्यांदा सुरू केल्यावर मशीन एकदोनदा आपलं आपण बंद-चालू होईल, किंवा प्रोसेसर बदलल्याचा संदेश येईल. बायोसमध्ये जा, तारीख आणि साटा मोड फोटोप्रमाणे लाव, प्रोसेसरचं नाव बरोबर दिसतंय का बघ, आणि तिथेच तापमानाचा आकडा काही मिनिटं बघत थांब. तो सारखा चढतच राहिला तर बंद करून कूलर पुन्हा बसव. नंतर विंडोजमध्ये एखादा व्हिडिओ अर्धा तास एक्सपोर्ट करत ठेव. तापमान ८० अंशांच्या आत राहिलं तर काम चोख झालं. शंभरच्या जवळ गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणजे मोजलेले पैसे वाया.

काहीच दिसलं नाही तर धीर सोडायचा नाही. आधी सॉकेटजवळचा चार पिनांचा वीजजोड बघ, तो विसरला जातो. मग रॅम काढून पुन्हा बसव, कूलर दाबताना ती सैल होते. मग मागची वायर काढून बोर्डावरची बॅटरी पाच मिनिटं काढून ठेव आणि परत लाव. तरीही नाही, तर जुना २१०० परत बसव. तो चालला तर नवा प्रोसेसर किंवा बायोस बघायचा, तोही चालला नाही तर सॉकेटचे काटे तिरक्या उजेडात बघायचे. म्हणूनच जुना प्रोसेसर निदान महिनाभर विकू नकोस.

ताई, तुमच्या यजमानांची भीती अस्थानी नाही. त्यांना एवढंच सांगा, की फाइलींची प्रत काढलेली आहे आणि जुना प्रोसेसर जपून ठेवलेला आहे, म्हणजे बहुतेक प्रसंगी होतं तिथे परत येता येतं. सहजी परत येता येत नाही अशा दोनच गोष्टी: अर्धवट राहिलेला बायोस आणि वाकलेले काटे. पहिली यूपीएसने टळते, दुसरी सावकाशीने. आणि काम मुलालाच करू द्या. तुम्ही बाजूला उजेड धरा. आपल्या हाताने उघडून जोडलेलं मशीन पुन्हा सुरू झालं की त्या वयाच्या मुलाला जे मिळतं, ते दुकानातून आणलेल्या नव्या डब्यात मिळत नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात. इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डवाल्यांची गोष्ट जास्त आशेची आहे. २०१७ च्या कितीतरी बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर चालतात, आणि तिथे प्रोसेसर बदलणं खरोखर मोठी झेप ठरते. पण एएम४ मध्ये काटे प्रोसेसरच्याच खाली असतात आणि तो चौकटीत अडकवलेला नसतो. कूलर सरळ खेचला तर प्रोसेसर चिकटून सॉकेटमधून उपटला जातो, म्हणून मशीन गरम करून पिळण्याचा नियम तिथे दुप्पट पाळा. इंटेलच्या ११५१ वाल्यांनी हे बघावं, की सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी यांचं सॉकेट दिसायला एकच असलं तरी एकीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डावर चालत नाही. कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपचं वेगळं. डेलचा ऑप्टिप्लेक्स ७९० दुसऱ्या पिढीपुढे जात नाही, ३०१० तिसरीही घेतो. तिथे कंपनीची यादी हाच शेवटचा शब्द.

टास्क मॅनेजरचे आकडे, बोर्डाचं पूर्ण नाव, रिव्हिजन आणि बायोसची आवृत्ती मला कळवा. ओळखीतल्या त्या माणसाला तोवर फक्त ‘बघून सांगतो’ म्हणा, आगाऊ पैसे देऊ नका. आणि फाइलींची प्रत आज रात्रीच काढा.